कागद, टक्के आणि आमचा धाकटा

मूल ऑटिस्टिक (स्वमग्न) आहे की नाही हे सांगणारा डॉक्टर वेगळा. त्याला दिव्यांगपणाचे किती टक्के बसतात हे ठरवणारं सरकारी बोर्ड वेगळं. आणि त्याला पाणी मागायला, चप्पल घालायला, रांगेत थांबायला शिकवणारी माणसं तिसरीच. हे तिघं एकमेकांना ओळखत नाहीत. बहुतेक आईबाप मात्र एकाच्या दारात उभे राहून तिघांची वाट बघत असतात. आधी डॉक्टर नक्की काय ते सांगू देत, मग दिव्यांगाच्या दाखल्याचं बघू, दाखला हातात आला की थेरपी लावू. तोवर पोरगं साडेचार-पाच वर्षांचं होतं. तिन्ही कामं एकाच वेळी चालू करता येतात. हे सांगायलाच आज लिहायला बसलोय, बाकी सगळं त्याच्या मागून आलेलं.

मी कराडचा. तहसील कचेरीजवळच्या गल्लीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. उत्पन्नाचा दाखला, संजय गांधीचे अर्ज, सातबारा, रेशनकार्डात नाव वाढवणं, दिवसभर दुसऱ्यांचे कागद. त्यामुळे स्वतःच्या मुलाची फाईल करायची वेळ आली तेव्हा फॉर्मची भीती नव्हती. बाकी सगळ्याची होती.

धाकटा आता साडेआठ वर्षांचा आहे, थोरली सहावीत. दीड वर्षाचा होता तेव्हा मोजके शब्द बोलायचा, ‘मम’, ‘ताई’, ‘भू भू’. मग ते शब्द हळूहळू गेले. नावानं हाक मारली तर मान वळायची नाही, पण झेरॉक्सचं मशीन गरम व्हायला लागलं की त्या आवाजावर माडीवरून धावत खाली यायचा. म्हणजे कान चांगले होते, हे आम्हाला दिसत होतं. काही हवं असेल तर बोट दाखवायचा नाही. माझं मनगट धरायचा आणि माझा हात उचलून त्या वस्तूवर नेऊन ठेवायचा. दुकानातले रबरी शिक्के एका ओळीत मांडायचा. एखाद्या गिऱ्हाईकानं त्यातला एक उचलला की जे काही व्हायचं, ते बघून गिऱ्हाईक पैसे द्यायचंही विसरायचं.

घरात प्रत्येकाकडे उत्तर होतं. आईचं म्हणणं, ‘तू पण चार वर्षांचा होईस्तोवर मुकाच होतास.’ मावशीनं पोपटानं टोचलेला पेरू आणला. पेरू गोड होता, एवढं खरं. शेजारच्या काकांनी जीभ खाली चिकटलीय, दोरी कापून घ्या असं सुचवलं. मोबाइल बंद करा हे तर रस्त्यावरून जाणारा माणूसही सांगून जायचा.

आमच्या बालरोगतज्ज्ञांनी दोन कामं केली. कानांची ‘बेरा’ तपासणी करायला लावली. त्यात मुलाला झोपवून, डोक्याला तारा लावून, आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघतात. रिपोर्ट नॉर्मल आला. आणि एक प्रश्नावली भरून घेतली, एम-चॅट नावाची. २० प्रश्न, हो की नाही. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी असते. मूल तुमच्या डोळ्यांत बघतं का, तुम्ही बोट दाखवलं तर तिकडे बघतं का, दुसऱ्या मुलांमध्ये त्याला रस आहे का, असे साधे प्रश्न. ही प्रश्नावली निदान करत नाही, पुढची तपासणी करून घ्या एवढंच सांगते. फुकट मिळते. तुमचं मूल त्या वयाचं असेल आणि मनात शंका असेल तर भरून बालरोगतज्ज्ञाकडे घेऊन जा. ‘अजून लहान आहे, वाट बघा’ असं जर समोरून आलं, तर किमान हातात कागद असतो आणि ‘मग या उत्तरांचं काय?’ असं विचारता येतं.

एक गोष्ट मला खूप जण विचारतात. रक्त तपासून किंवा एमआरआय काढून ऑटिझम कळत नाही. फिट येत असतील किंवा दुसरी काही शंका असेल तर डॉक्टर त्या तपासण्या सांगतात, ते वेगळं. निदान होतं ते मुलाकडे बघून आणि आईबापांशी बोलून. आम्ही त्यासाठी पुण्याला गेलो, मुलांच्या विकासातले तज्ज्ञ असलेल्या डॉक्टरांकडे. अपॉइंटमेंट मिळायलाच काही महिने लागले. गेलो तेव्हा वाटलं होतं मशीनबिशीन असेल. तर डॉक्टरबाई जमिनीवर बसल्या आणि साबणाचे फुगे उडवायला लागल्या. मग फुगे थांबवून बघत बसल्या, हा मागतो का. बाहुलीला खोटं खोटं भरवायला सांगितलं. यानं बाहुली बाजूला सारली आणि खेळण्यातल्या गाडीचं चाक कानाशी धरून फिरवत बसला. आम्हाला विचारत होत्या ते पार गरोदरपणापासून. शेवटी कागदावर लिहिलं, ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर. २०१३ नंतर हे एकच नाव लिहितात; त्याआधीच्या फाइलींवर अ‍ॅस्पर्जर, पीडीडी अशी निरनिराळी नावं दिसतात, त्यानं गोंधळून जाऊ नका.

निघताना बाई म्हणाल्या, ‘दाखला वगैरे होत राहील. ओटी आणि स्पीच या आठवड्यातच सुरू करा.’ ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं शिकवणारी; स्पीच म्हणजे बोलण्याची. बायको पायऱ्या उतरताना रडली. मी पार्किंगच्या पावतीचे सुट्टे शोधत होतो.

पुण्याला जाणं सगळ्यांना परवडत नाही, आणि जावंच लागतं असंही नाही. केंद्र सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, आरबीएसके. तो २०१३ साली आपल्या पालघरातूनच सुरू झाला. त्याचं डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येणं अपेक्षित आहे, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. विकासात मागे पडलेलं मूल दिसलं की त्याला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचं असतं. तिथं तपासणी आणि थेरपीला पैसे पडत नाहीत. पण पथक येतं त्या दिवशी मूल अंगणवाडीत हजर पाहिजे, आणि आमच्यासारखी मुलं नेमकी घरी ठेवलेली असतात, कारण ती तिथं रडतात. म्हणून अंगणवाडीताईला आधी विचारून ठेवा पथक कधी येणार ते, आणि त्या दिवशी रडलं तरी नेऊन बसवा.

आता दाखला. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण इथेच लोक अडकतात.

आमच्या गल्लीत तिशीतला एक मुलगा आहे. माझ्या धाकट्यासारखाच चवड्यांवर चालतो, बसचे नंबर पाठ आहेत. त्याच्या जुन्या दाखल्यावर ‘मतिमंद’ लिहिलंय. कारण १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात सातच प्रकार होते आणि त्यात ऑटिझम नव्हताच. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला (राष्ट्रीय न्यास म्हणजे अशा दिव्यांगांसाठीची केंद्र सरकारची संस्था). आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकूण २१ प्रकार झाले, त्यात ऑटिझमला स्वतःची जागा मिळाली. त्या मुलाची आई मध्यंतरी दाखला नव्यानं करायला दुकानात आली होती. तिला मी आमच्या मुलाचं सांगितलं तर म्हणाली, ‘म्हणजे आमच्या वेळी नावच नव्हतं म्हणा की.’

दाखल्यासाठी आपल्याकडे जी मोजपट्टी वापरतात तिला ‘इसा’ म्हणतात. बौद्धिक अक्षमतेवर काम करणाऱ्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेनं ती भारतातल्या मुलांसाठी बनवली. ४० मुद्दे असतात. नजरेला नजर देणं, एकच शब्द परत परत म्हणणं, दुखलं तरी न कळणं, विनाकारण हसणं असे. प्रत्येकाला १ ते ५ गुण. म्हणजे कमीत कमी ४०, जास्तीत जास्त २००. ७० च्या खाली आले तर ऑटिझम नाही. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. आणि या गुणांवरून टक्के काढतात. ७० गुण म्हणजेच ४० टक्के. बहुतेक सगळ्या सवलतींना किमान ४० टक्के लागतात, त्यामुळे ‘आमचं सौम्य आहे, आम्हाला काही मिळणार नाही’ म्हणून घरी बसण्यात अर्थ नाही. धाकट्याचे ११२ आले, दाखल्यावर ७० टक्के लागले.

पहिल्यांदा अर्ज ऑनलाइन करायचा, स्वावलंबन कार्डाच्या पोर्टलवर. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, असतील ते रिपोर्ट. मग जिल्ह्याच्या ठिकाणी बोर्डाचा ठराविक वार असतो, त्या दिवशी मूल घेऊन जायचं. मानसोपचारतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ बघतात. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र (स्वावलंबन कार्ड ते हेच), नंतर पोस्टानं घरी येतं. त्यावरचा पट्टा ४० च्या खाली पांढरा, ४० ते ७९ पिवळा आणि ८० पासून पुढे निळा. लहान मुलांना मिळणारा दाखला तात्पुरता असतो, पुन्हा कधी तपासायचं ते त्यावरच छापलेलं असतं. ती तारीख मोबाइलमध्ये टाका, कारण कार्डाची मुदत संपली की त्याच्यावर चालणारी बाकीची कामंही अडतात.

बोर्डासमोर जाताना एक गंमत होते. आपल्याला सवय असते पाहुण्यांसमोर मूल काय काय करतं ते दाखवायची. ए फॉर अ‍ॅपल म्हण, काकांना टाटा कर. बोर्डासमोरही आई हेच करते. पोरगं त्या दिवशी नेमकं शहाण्यासारखं बसतं, आई म्हणते आमचा हुशार आहे हो, आणि डॉक्टरांच्या समोर असतात दहा मिनिटं आणि बाहेर रांग. मी सांगत नाही की वाढवून सांगा. जे आहे ते लिहून न्या. मी एका पानावर टाइप करून नेलं होतं: रात्री किती झोपतो, काय काय खातो (भात, दही, आणि एका विशिष्ट कंपनीचं बिस्किट, बास), संडासचं सांगतो का, रस्त्यावर हात सोडून पळतो का, केस कापताना किती जण धरायला लागतात, कुठल्या आवाजाला कान झाकतो. सोबत मोबाइलमधले दोन-तीन छोटे व्हिडिओ. डॉक्टरांनी ते पान वाचलं आणि मग नेमके त्यातलेच प्रश्न विचारले. तेव्हापासून दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी ते पान कोरं करून देतो, भरायला.

रांगेचं काय करायचं? कानांवर घालायचे हेडफोन नेले होते, त्याच्या आवडीचे रद्दीतले छापील कागद एक गठ्ठा, आणि थोरलीला. ती त्याला घेऊन बाहेर आवारात फिरवत होती, नंबर जवळ आला की फोन. मूल आत गर्दीत तास न् तास उभं करू नका, एकानं रांगेत राहावं.

कुठल्याशा एका कचेरीत, दुसऱ्याच कामाला, तिथला क्लार्क कार्ड बघून म्हणाला, ‘दिसायला तर चांगला आहे की.’ मी रोज सरकारी माणसांत वावरतो, मला बोलायला येतं. पण त्या दिवशी बायको बोलली. ‘हो, दिसायला बापावर गेलाय.’ क्लार्कनं निमूट शिक्का मारला.

आता पैसे. थेट सांगतो, हातात रोख फारसं येत नाही. आमच्याकडे आठवड्याला दोन ओटी, दोन स्पीच, एका सेशनचे ४०० रुपये. महिन्याला साडेसहा हजारांच्या आसपास. पुण्यात हाच आकडा दुप्पट होतो. अधूनमधून पुण्याची फेरी, ती वेगळी.

यातलं थोडं परत मिळतं ते राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेतून. हा आरोग्य विमा आहे, वर्षाला १ लाखापर्यंत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी. वयाची अट नाही, आधी तपासणी नाही, आधीपासूनचा आजार म्हणून नाकारत नाहीत. बाकीच्या विमा कंपन्यांचे एजंट ऑटिझम म्हटलं की फोन ठेवतात, त्यापुढे हे खूपच आहे. दारिद्र्यरेषेखालच्यांना नोंदणीला २५० रुपये, बाकीच्यांना ५००. आणि थेरपीचे पैसेही यातून मिळतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. दवाखान्यात भरती झालं तरच, असं नाही. मात्र १ लाखातले किती कशासाठी याच्या ठरलेल्या मर्यादा आहेत, थेरपीसाठी त्यातला एक भागच असतो. वर्ष एप्रिल ते मार्च धरतात, तेव्हा नूतनीकरण मार्च संपायच्या आत.

क्लेम नाकारले जातात ते बहुधा बिलामुळे. वहीच्या पानावर ‘थेरपीचे २००० मिळाले’ असं लिहून दिलेलं बिल चालत नाही. मुलाचं नाव, प्रत्येक सेशनची तारीख, थेरपिस्टची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक पाहिजे. स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षक यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. ओटीची महाराष्ट्रात वेगळी परिषद आहे, ओटी आणि फिजिओथेरपीची. हा क्रमांक पहिल्याच दिवशी मागा. क्लेमसाठी तर लागतोच, पण त्यानं समोरचा खरंच शिकलेला आहे की तीन महिन्यांचा कोर्स करून सेंटर थाटलंय तेही कळतं. तालुक्याच्या गावांत अशी सेंटरं आता बरीच दिसतात. विचारलं की राग येतो त्यांना. ज्याला राग येतो त्याच्याकडे जाऊ नका.

संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना आता दरमहा २५०० रुपये आहेत. पण दिव्यांगांसाठी उत्पन्नाची अट वर्षाला ५० हजारांची आहे. म्हणजे महिन्याला ४,१६६ रुपये. माझ्या मुलाच्या थेरपीचंच बिल त्याच्यापुढे जातं. ज्याची कमाई त्या अटीत बसते तो थेरपी लावूच शकत नाही, आणि जो थेरपी लावतो तो अटीत बसत नाही. हे अर्ज मी रोज भरतो, त्यामुळे हा हिशेब माझ्या डोक्यातून जात नाही. अट वाढवा म्हणून निवेदनंही टाइप करून दिलीत, किती तरी.

कर भरणाऱ्यांसाठी आयकरात वजावट आहे, जिला सगळे ८० डीडी म्हणून ओळखतात. ४० टक्क्यांपासून ७५ हजार, ८० टक्क्यांपासून १ लाख २५ हजार. खर्च किती केला याच्याशी त्याचा संबंध नाही, सरसकट मिळते. ऑटिझमसाठी एक ठराविक फॉर्म डॉक्टरांकडून भरून घ्यावा लागतो. २० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे १५ हजार वाचतात. पण हे जुन्या करप्रणालीतच. नव्यात ही वजावट नाही, आणि आता न सांगता सगळ्यांना नवीच लागते. तेव्हा सीएला दोन्हींचा हिशेब मांडायला सांगा.

शिवाय ग्रामपंचायत आणि नगरपालिका यांनी आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. कुठे वर्षाला ठराविक रक्कम देतात, कुठे वस्तू. बहुतेक ठिकाणी विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. ग्रामसेवकाला यादीत नाव आहे का एवढंच विचारा, लेखी. २०२२ च्या डिसेंबरात राज्यात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग झाला आणि आयुक्तालय पुण्यात आहे, त्यामुळे वर तक्रार करायला निदान पत्ता तरी आहे.

पैसे जातात कुठे, तेही सांगतो. निदानानंतरच्या पहिल्या वर्षात आमचा नंबर कुणी कुणाला दिला कळलं नाही, पण फोन यायला लागले. त्यातला एक स्टेम सेलवाल्यांचा होता, म्हणजे शरीरातल्या मूळ पेशी टोचून ऑटिझम बरा करतो म्हणणाऱ्यांचा. काही लाख रुपये, ‘पेशंटचं वय जितकं कमी तितका रिझल्ट जास्त’, आणि हप्त्याची सोय. त्या रात्री मी खरोखर जमिनीचा उतारा काढून बघितला होता. आमच्या पुण्याच्या डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीती मंडळानंही २०२२ मध्ये ऑटिझमवर स्टेम सेल उपचार करू नयेत असंच म्हटलंय. एमएमआरच्या (गोवर, गालगुंड, रुबेला) लशीनं ऑटिझम होतो ही अफवाही अजून फिरते. ज्या १९९८ च्या लेखावरून ती उठली, तो लेख लॅन्सेटनं २०१० साली मागे घेतला. थोरलीला आणि धाकट्याला दोघांनाही आम्ही सगळ्या लशी दिल्या.

शाळेचं म्हणाल तर कायदा आपल्या बाजूला भक्कम आहे. २०१६ च्या कायद्यात ४० टक्क्यांवरच्या मुलाला ६ ते १८ वर्षं जवळच्या शाळेत किंवा हवी तर विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांत दिव्यांग मूल वंचित गटात येतं आणि त्याला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. कायदा असूनही दोन खासगी शाळांनी आम्हाला चहा पाजून परत पाठवलं. एकीनं सांगितलं आमच्याकडे सोय नाही, दुसरीनं सांगितलं बाकीचे पालक तक्रार करतील. भांडता आलं असतं. पण ज्या वर्गात पोरगं रोज सहा तास बसणार तिथल्या बाईंनाच ते नको असेल, तर कोर्टातून मिळवलेल्या बाकाचं काय करायचं, असा विचार आम्ही केला. तुम्ही वेगळा करू शकाल, आणि कुणी तरी करायलाही पाहिजे.

धाकटा जिल्हा परिषदेच्या शाळेत जातो. बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, ‘याला काय आवडतं?’ आम्ही म्हणालो, छापलेले कागद. तेव्हापासून हजेरीपत्रक ऑफिसात पोचवायचं काम त्याचं. गटसाधन केंद्रातले विशेष शिक्षक येऊन बघून जातात; समग्र शिक्षा या सरकारी योजनेत अशा मुलांसाठी प्रवास भत्ता आणि मदतनीस भत्ता आहे, त्याचे फॉर्म त्यांच्याकडूनच मिळाले. पुढं दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती असतात. ते अजून लांब आहे. सध्या तो बेरजा तोंडी न सांगता लिहून दाखवतो, आणि ‘पाणी दे’ हे चित्राचं कार्ड न दाखवता म्हणतो. ‘दे’ वर जरा जास्तच जोर देतो, बायकोसारखा.

आधाराचं म्हणाल तर सगळ्यात जास्त कामाला आले ते दुसरे आईबाप. आम्ही काही घरं रविवारी सकाळी लवकर बागेत जमतो, गर्दी व्हायच्या आत. तिथं मोठ्या गप्पा होत नाहीत. कुठला न्हावी दुकान उघडायच्या आधी बोलावून शांतपणे केस कापतो, कुठला दातांचा डॉक्टर वाट बघायला लावत नाही, निरामयचा कुणाचा क्लेम कशावरून परत आला, हेच. नातेवाईक म्हणतात, आईबापांनी जमून काय होणार, ते डॉक्टरांचं काम. दिल्लीतली अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम ही संस्था १९९१ साली मेरी बरुआ या एका आईनंच सुरू केली, हे मी त्यांना सांगतो. तेवढं मोठं आम्हाला काही करायचं नाही. पण एखादीला दोन तास डोळा लागावा म्हणून तिचं पोरगं आम्ही सांभाळतो.

थोरलीबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून लिहितो. तिनं एकदा मला स्पष्ट विचारलं, तुम्ही नसताना याला मी बघायचं का. मी तिला राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यातलं पान दाखवलं. १८ वर्षं पूर्ण झाली की आईबापसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत; जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती असते, तिच्याकडे अर्ज करून पालकत्व घ्यावं लागतं. त्याला स्वतःचे निर्णय किती घेता येतात हेही तेव्हा बघितलं जाईल. ती म्हणाली, ‘म्हणजे मलाही फॉर्म भरायला लागेल?’ म्हटलं, हो, आणि भरायचा की नाही हे तू तेव्हा ठरव. तिनं ते पान लॅमिनेट करून मागितलं. करून दिलं.

कुणाला ते बोर्डासमोर न्यायचं कोरं पान हवं असेल तर दुकानावर या. मंगळवार-शुक्रवार दुपारी बंद असतं, धाकट्याची थेरपी असते. यूडीआयडी आणि निरामयचे फॉर्म भरून द्यायचे मी पैसे घेत नाही. झेरॉक्सचे मात्र घेतो, आणि आधारची प्रत दोन्ही बाजूंनी काढून आणा, लोक एकच बाजू आणतात.